मांगरांतलें पुष्पक

या सदराकडे वाटणी, मुलींचें शिक्षण, वृद्धांची शुश्रूषा, असे प्रश्न वरचेवर येतात, आणि त्यांचें उत्तर देतांना पूर्वीच्या उत्तरांचा आधार मिळतो. या खेपेस मात्र मालवणाकडील एका भगिनीचें पत्र असें आलें आहे कीं, त्यास जुन्या दप्तरांत कोठेंच जोड सांपडेना. घरांत लहानमोठीं चौदा माणसें, थोरले भावजी कर्ते, हापूसच्या कलमांची बाग सामाईक. बाईंचा धाकटा मुलगा, वय एकोणतीस, व्यापारी जहाजावर इंजिनियर आहे. त्यानें एका फ्लाइंग क्लबाच्या लिलावांत पुष्पक जातीच्या जुन्या विमानाचा सांगाडा घेतला, दोन ट्रकांत घालून घाट उतरविला आणि बागेंतल्या मांगरांत आणून ठेवला. रजेवर आला कीं तो दिवसभर तेथेंच असतो. हें विमान पुन्हां उडवीन, असा त्याचा निश्चय आहे. जवळची शिल्लक संपली; आतां बागेच्या उत्पन्नांतला आपला हिस्सा तो तीन वर्षांचा आगाऊ मागतो. भावजी म्हणतात, मांगर गवतासाठीं आणि आंब्याच्या पेट्यांसाठीं बांधला आहे, भंगारासाठीं नव्हे. काका-पुतण्यांत आठ महिने बोलणें नाहीं. 'हें काम मुळांत होण्यासारखें आहे काय, आणि आई म्हणून मीं कोणाची बाजू घ्यावी?' असें बाई विचारतात.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आधीं द्यावें हें बरें. कारण बाजू घेण्याचा प्रश्न पुष्कळदां वस्तुस्थिति कळल्यावर निम्मा होतो.

मुलानें जें विमान निवडलें आहे तें सामान्य नव्हे, हें भावजींना ठाऊक असावें. आंबोलीचा घाट चढून आजऱ्यावरून गेलें म्हणजे गडहिंग्लज लागतें. त्या तालुक्यांत १९०८ सालीं जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे हे जर्मनींत गटिंगेन येथें प्राण्टलसारख्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालीं डॉक्टरेट मिळवून आले आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४० सालीं बंगळूरास काढलेल्या कारखान्यांत विमानांचे आराखडे करूं लागले. वैमानिकांच्या शिक्षणासाठीं हिंदुस्थानांत आंखलेलें आणि बांधलेलें एच. टी. २ हें विमान ऑगस्ट १९५१ मध्यें उडालें, तें त्यांचें. २८ सप्टेंबर १९५८ रोजीं प्रथम उडालेलें पुष्पकही त्यांच्याच देखरेखीचें. दोन माणसांनीं शेजारीं शेजारीं बसावयाचें, पंख डोक्यावर, नव्वद अश्वशक्तीचें इंजिन, आणि अंगावर कापड. अशीं दीडशेंवर विमानें बनलीं आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत एका पिढीनें त्यांवर हात बसविला. म्हणजे मांगरांत पडलें आहे तें घाटापलीकडच्या शेजाऱ्याचें काम आहे. भंगार हा शब्द निदान त्याला लावूं नये.

असलें विमान दुरुस्त होतें काय? होतें. जे. आर. डी. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें तें पसमॉथ नांवाच्या लहानशा विमानानें. बरोबर पन्नास वर्षांनीं, १९८२ सालीं, त्यांनीं वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं तोच प्रवास लेपर्डमॉथमधून केला. त्या जातीचीं विमानें १९३३ ते १९३६ या काळांत बनलीं. म्हणजे वैमानिक म्हातारा आणि विमानही म्हातारें, पण दोघेही वेळेवर उतरले. आपल्या वायुसेनेनें एक टायगरमॉथ इंग्लंडांतून नीट करून आणविलें, आणि तें ऑक्टोबर २०१२ मध्यें हिंडन येथें वायुसेनादिनीं सर्वांदेखत उडालें.

डाकोटाची हकीकत तर अधिक बोलकी आहे. राजीव चंद्रशेखर यांचे वडील वायुसेनेंत डाकोटाचे वैमानिक होते. मुलानें २०११ सालीं आयर्लंडमध्यें मोडीला निघालेलें एक डाकोटा घेतलें, स्वतःच्या खर्चानें इंग्लंडांत नीट करविलें आणि वायुसेनेस देऊं केलें. प्रथम सरकारनें ती देणगी नाकारली. पुढें गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असतांना, २०१६ सालीं, ती स्वीकारली गेली, आणि २०१८ मध्यें विमान स्वतःच्या पंखांनीं हिंदुस्थानांत आलें. त्याचें नांव परशुराम. कोंकणच्या माणसास निराळें सांगावयास नकोच. मनाजोगें काम निघालें तरी सात वर्षें लागलीं, आणि तीं ऐपतदार माणसास लागलीं, एवढें मात्र बाईंच्या चिरंजीवांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां काम. सांगाडा पोलादी नळ्या जोडून केलेला असतो. नळीचा गंज बाहेरून दिसतो त्याहून आंतून अधिक असतो, आणि शेपटाकडच्या खालच्या नळ्यांत पाणी उतरून बसतें, म्हणून प्रथम तेथें पाहावें. टोच्यानें ठोकून जेथें पत्रा दबेल तेथली नळी कापून नवी जोडावी लागते, आणि तो सांधा साध्या लोहाराचें काम नव्हे. चांगल्या निघालेल्या नळ्यांत ऊन जवसाचें तेल ओतून फिरवितात व निथळूं देतात, म्हणजे आंत पातळ थर बसून गंज थांबतो. विमानाच्या कारखान्यांत जवसाचें तेल लागतें हें वाचून आमच्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना फार समाधान वाटलें!

जुन्या विमानांत जेथें लाकूड असतें तेथें निराळी भीति. पूर्वींचे सांधे दुधाच्या केसिनापासून केलेल्या सरसानें जोडलेले असत. तो सरस कोरड्या हवेंत दगडासारखा राहतो, पण ओल लागली कीं त्यावर बुरशी चढते आणि सांधा आंतल्या आंत सुटतो. मॉस्किटो नांवाच्या लाकडी लढाऊ विमानांचे १९४४ सालीं हिंदुस्थान-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हवेंतच मोडण्याचे प्रकार झाले, आणि कांहीं काळ तीं सारीं जमिनीवर ठेवावीं लागलीं. दोष प्रथम सरसाला व आपल्या दमट हवेला दिला गेला. चौकशींत कारखान्यांतली सांधेजोडही सदोष निघाली. मालवणास पावसाळ्यांत भरपूर पाऊस पडतो आणि बाकीचे आठ महिने खारा वारा असतो. असल्या हवेंत जुन्या सांध्यावर डोळ्यांनीं विश्वास ठेवणें म्हणजे जिवाशीं खेळ. जो उघडून पाहतां येत नाहीं तो सांधा वाईट समजावा.

इंजिनाविषयीं मुलास शिकविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तो रोज त्याहून शंभरपट मोठें इंजिन सांभाळतो. तरी एक भेद सांगावासा वाटतो. जहाजाचें इंजिन बंद पडलें तर जहाज तरंगत राहतें आणि इंजिनियर बाह्या सरसावून खालीं उतरतो. येथें तशी सवड नाहीं.

सर्वांत रमणीय काम कापडाचें. पूर्वीं सुती किंवा तागाचें कापड पंखावर ताणून, मेणलावल्या दोऱ्यानें प्रत्येक फासळीशीं शिवीत. पंखाच्या दोन बाजूंना दोघांनीं बसावयाचें, लांब सुई आरपार द्यावयाची आणि पलीकडच्यानें परत पाठवावयाची. दर दोन-तीन बोटांवर गांठ. अलीकडे पॉलिएस्टरचें कापड घेतात आणि तें चक्क इस्त्रीनें, उष्णतेचें माप संभाळून, आक्रसवून घट्ट करतात. मालवणाच्या बंदरांत शिडें शिवणारे आणि पडावांच्या फटींत कापूस भरणारे हात अजून अगदींच संपलेले नाहींत; शिवणीच्या कामांत त्यांचा सल्ला घेण्यास मुलानें लाजूं नये. घरांतल्या बायकांनीं पलीकडच्या बाजूस बसण्यास आमची कांहींच हरकत नाहीं. पापडांच्या वाळवणाला जेवढे हात लागतात तेवढेच येथें लागतात, आणि बोलणेंही तेवढेंच होतें.

कापडावर मग डोप नांवाचा पातळ रोगण चढवितात, म्हणजे तें ढोलासारखें ताणतें. दमट हवेंत डोप लावला तर तो पांढुरका पडतो आणि त्याचें बळ जातें. म्हणून हें काम मार्गशीर्षापासून माघापर्यंतच, तेंही सूर्य चांगला वर आल्यावर करावें. शिवाय डोप अत्यंत ज्वालाग्राही आहे. आणि येथें आम्हांस थोरल्या भावजींची बाजू घ्यावी लागते. गवताच्या मांगरांत डोपचा डबा ठेवणें हा शुद्ध अविचार होय. भावजी रागावून बोलले असतील, पण मांगर गवतासाठीं आहे या त्यांच्या वाक्यांत जें शहाणपण आहे तें त्यांच्या ध्यानांत आलें असो वा नसो, मुलाच्या तरी यावयास हवें होतें.

कागदांची गोष्ट कोणी बाईंस सांगितलेली दिसत नाहीं. विमान म्हणजे नळ्या, कापड आणि इंजिन नव्हे. त्याच्या नोंदवह्या हें त्याचें अर्धें शरीर. सांगाड्याची वही, इंजिनाची वही, कोणता भाग केव्हां बदलला, किती तास उडालें, सारें त्यांत असतें. लिलावांत सांगाड्याबरोबर या वह्या मिळाल्या काय, हें पहिल्या दिवशीं विचारावयास हवें होतें. आज तरी विचारावें. दुरुस्ती कितीही उत्तम झाली तरी मालकाच्या स्वतःच्या सहीनें ती ग्राह्य होत नाहीं; परवानाधारक विमान-अभियंत्यानें टप्प्याटप्प्यावर पाहून सही करावी लागते, आणि शेवटीं नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचें प्रमाणपत्र. पंख कापडानें झांकल्यावर अभियंत्यास बोलाविलें तर तो तें फाडावयास सांगेल, आणि त्यांत त्याची चूक नसेल. मुलास स्वतः उडवावयाचें असेल तर खासगी वैमानिकाचा परवाना निराळा. त्यास निदान चाळीस तासांचें उड्डाण लागतें. चिपीस ९ ऑक्टोबर २०२१ पासून विमानतळ आहे, तेव्हां बागेंतून निघून तेथून उडावें, असें घरांत कोणी बोलत असल्यास तो भ्रम सोडावा. पहिलें उड्डाण धुळें, बारामतीसारख्या ठिकाणीं, जेथें उड्डाणशाळा आणि माहीतगार माणसें आहेत तेथें, अनुभवी वैमानिकाच्या हातूनच व्हावें. पहिल्या उड्डाणांत आईच्या मुलानें बसूं नये. पत्रांत बाईंनीं ही भीति लिहिलेली नाहीं, पण ती ओळींमधून आम्हांस दिसली.

राहिला पैसा. कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवलीस चारकोपांत घराच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. त्यांचें कुटुंबही एकत्रच. घरच्यांनीं पैसा उभा केला, दागिने गहाण पडले, असें त्या वेळीं वृत्तपत्रांतून आलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें तें विमान मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, नोव्हेंबर २०१७ मध्यें नोंदणी झाली, आणि २०२० सालीं धुळ्यास तें उडालें. हें उदाहरण मुलगा देत असेल तर खुशाल द्यावें. पण सारें सांगावें. यादव हे व्यवसायानें वैमानिक, त्यांचा पहिला प्रयत्न १९९८ चा, आणि घरच्या प्रत्येकानें जाणूनबुजून भार उचलला होता. मालवणच्या घरांत अजून कोणी कोणास विचारलेलेंच नाहीं. संमतीनें गहाण पडलेला दागिना आणि न विचारतां मागितलेला आगाऊ हिस्सा यांत आम्ही फार अंतर मानतों.

म्हणून आमचें मत असें. तीन वर्षांचा हिस्सा देऊं नये. एका वर्षाचा द्यावा, तो लेखी, आणि केवळ सांगाड्याच्या तपासणीसाठीं व अभियंत्याच्या पहिल्या भेटीसाठीं. सांगाडा कुजका निघाला तर मुलानें तें कबूल करून काम थांबवावें. चांगला निघाला तर पुढचा खर्च त्यानें पगारांतून करावा, मग दहा वर्षें लागोत. विमान तोंवर कोठें जात नाहीं. मांगर मात्र त्याला द्यावा, आणि गवत-पेट्यांसाठीं दुसरीकडे पत्र्याची पडवी त्यानें स्वतःच्या खर्चानें उभारून द्यावी. सामाईक जागेचा मोबदला सामाईक घराला मिळालाच पाहिजे. याबाबतींत पुतण्या म्हणून सवलत नाहीं.

बाजू घेण्याचें म्हणाल तर बाईंनीं ती घेऊं नये. भावजींना एकदां मांगरांत न्यावें. विमान दाखविण्यासाठीं नव्हे, गवत कोठें हलवावें आणि डोपचे डबे कोणत्या कोपऱ्यांत, किती अंतरावर ठेवावेत, तें त्यांनाच विचारण्यासाठीं. कर्ते पुरुष अशा प्रश्नांना उत्तर दिल्यावांचून राहत नाहींत. नव्या पडवीचें काम मात्र मृगापूर्वीं उरकावें, आणि सांगाड्याखालीं ठोकळे देऊन तो जमिनीपासून हातभर उंच उचलून ठेवावा.