ऊस शोधला, पाऊस सापडला!

एक गंमत करून बघा. कॉम्प्युटरवर शेतीवरचा एखादा मराठी लेख उघडा आणि त्यात 'ऊस' शोधा. 'उसाला', 'उसाच्या' यातलं काहीच सापडणार नाही. 'पाऊस' मात्र हजर! आणि हे आपल्या कोपरगावात, जिथं उसाशिवाय पान हलत नाही.

मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दच बदलतो. ऊस-उसा, ससा-सशा, पाणी-पाण्या. शाळेत 'सामान्यरूप' म्हणून घोकलं तेच. त्यावर पुन्हा थर: कारखान्या-त-ल्यां-ना-सुद्धा. शेवटचा 'ला' कापणारा प्रोग्रॅम लिहिला, तर तो 'मसाला'चा 'मसा' करून ठेवतो. (आपल्या मेसमध्ये तेवढाही नसतो, ते असो.)

दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी २०१० मध्ये फायनाइट स्टेट पद्धतीचा विश्लेषक मांडला. दूध, सूत, फूल सारखेच चालतात, म्हणून त्यांचा एक गट आणि नियम एकदाच लिहायचा. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये आपण जे रडतरखडत पास होतो, तेच हे!

कोणी म्हणेल, आता मोठी मॉडेल्स आलीत, हे कशाला? पण ती शब्द तोडतात ते कोणता तुकडा किती वेळा येतो यावर. सामान्यरूपाशी त्यांना देणंघेणं नाही. आणि 'उसानं', 'शेतातनं' ही बोलण्यातली रूपं नियमात बसवायला गावोगावची माणसं लागतात. ती आपल्या होस्टेलच्या एका मजल्यावर भेटतात.

तेव्हा फायनल इयरवाल्यांनो, लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिमला यंदा सुट्टी द्या. वही घेऊन बसा आणि रूममेटला त्याच्या गावचा 'ऊस' चालवून दाखवायला सांगा.