पिंपावरचा ठिपका

आयर्लंडमध्ये एके काळी गावचा दुकानदार स्वतःच्या नावाची व्हिस्की विकायचा. पुढच्या बाजूला चहा, साखर, मेणबत्त्या आणि मागच्या फळीवर व्हिस्की. ती तो स्वतः गाळत नसे. मोठ्या डिस्टिलरीकडून कोरी, पाण्यासारखी पांढरी दारू विकत घ्यायची, आपल्या लाकडी पिंपात भरायची, वर्षानुवर्षं मुरू द्यायची आणि तयार झाली की आपलं लेबल लावून विकायची. अशा व्यापाऱ्याला तिकडे 'बाँडर' म्हणत. माल सरकारी देखरेखीखालच्या बाँडेड गोदामात असेपर्यंत त्यावर कर नाही, बाहेर काढला की कर. त्यावरून हे नाव.

कौटुंबिक पानावर व्हिस्की कुठून आली, असं काही वाचक विचारतील. मंडळी, आपण सीमाभागातले. चोर्ला घाट उतरलं की गोवा. या विषयाचा कुणाला धक्का बसेल असं वाटत नाही. शिवाय मला बोलायचं आहे ते नशेबद्दल नाही, बाटलीवर कुणाचं नाव असावं याबद्दल.

आपल्याकडे चहाचं असंच असतं. मळा आसामचा, पण मिश्रण दुकानदाराचं. गिऱ्हाईक मळ्याचं नाव विचारत नाही, 'त्यांच्याकडचाच पुडा आण' म्हणून पोराला पाठवतं. पुडा बिघडला तर शिव्या दुकानदाराला आणि जमला तर पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईकही त्यालाच.

डब्लिनच्या मिचेल अँड सन या घराण्याची गोष्ट पाहा. १८०५ साली सुरुवात झाली ती मिठाई आणि केकच्या दुकानाने. पुढे १८८७ मध्ये त्यांनी वाइनच्या व्यापारात पाय टाकला. वाइन, शेरी असा माल तेव्हा पिंपांतून यायचा. माल संपला की रिकामी पिंपं उरायची. ती ते बो स्ट्रीटवरच्या जेम्सन डिस्टिलरीत पाठवून कोऱ्या व्हिस्कीने भरून आणत आणि आपल्या तळघरात ठेवत. कोणतं पिंप किती वर्षांनी फोडायचं हे अंधाऱ्या तळघरात ओळखता यावं म्हणून त्यावर रंगाचा ठिपका मारायची पद्धत पडली. निळा म्हणजे ७ वर्षं, हिरवा १०, पिवळा १२ आणि लाल १५. त्यातली हिरव्या ठिपक्याची व्हिस्की लोकांच्या तोंडी बसली आणि तिचं नावच 'ग्रीन स्पॉट' झालं.

दुसरं घराणं गिल्बी. तेही वाइनचे मोठे व्यापारी. त्यांनीही जेम्सनचीच व्हिस्की आपल्या शेरीच्या पिंपांत मुरवली आणि १९१२ पासून तिला 'रेडब्रेस्ट' हे नाव दिलं. रेडब्रेस्ट म्हणजे रॉबिन, लाल छातीचा चिमुकला पक्षी. म्हणजे भट्टी एकच, पण दोन व्यापाऱ्यांच्या दोन व्हिस्की. फरक फक्त पिंपांचा, तळघराचा आणि राखणाऱ्याच्या सबुरीचा. तो फरक जिभेला खरंच कळतो का, हा माझा प्रश्न.

तो तपासायची संधी गेल्या मे महिन्यात आली. डब्लिनला नोकरी करणारा माझा मावसभाऊ सुट्टीवर आला, तो छोट्या छोट्या बाटल्या घेऊनच. रविवारी संध्याकाळी गच्चीवर बसलो. मी, तो आणि आमच्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर. सर मूळचे धारवाडकडचे, चवीच्या बाबतीत अत्यंत चोखंदळ. थालीपीठात ओवा जास्त झाला तर पहिल्या घासाला सांगतील. मावसभावाने आत जाऊन तीन ग्लास भरले. तळाशी चिठ्ठ्या चिकटवल्या. तोंडाशी निमुळते होत जाणारे ग्लास मुद्दाम आणले होते, म्हणजे वास वर जमतो. प्रत्येकात जेमतेम दोन चमचे. बर्फ नाही, सोडा नाही. सरांनी खारे शेंगदाणे मागितले, ते 'शेवटी' म्हणून नाकारले गेले. मीठ लागलेल्या जिभेला बारकावे कळत नाहीत.

पहिल्या ग्लासाला वास होता हिरव्या सफरचंदाचा, मागे किंचित पुदिना आणि भाजलेल्या सातूच्या पिठासारखं काहीतरी. तोंडात घेतल्यावर मात्र ती पातळ लागेना. जिभेवर सायीसारखी पसरली आणि घोट गेल्यावर मिरी-लवंगेची चुणचुण राहिली. दुसऱ्यातही ती साय आणि तीच चुणचुण. पण वास पूर्ण वेगळा. सौभाग्यवती कपडे काढायला गच्चीवर आल्या होत्या, त्यांनी लांबूनच ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "बेदाणे भिजत घातलेत." आम्ही दोघं दहा मिनिटं जो शब्द शोधत होतो तो हाच. बेदाणे, अक्रोडाची साल, थोडा जुना गूळ.

तिसऱ्याला सरांनी तोंड लावलं आणि मान हलवली. "इदु बेरेने ऐति," म्हणाले. खरंच वेगळीच होती. साय नाही, मसाल्याची चुणचुण नाही. मध, पिकलेला पेरू, अननस. आणि जरा कडक. अर्धा चमचा पाणी घातल्यावर पेरू आणखी उघडला.

चिठ्ठ्या काढल्या. पहिली ग्रीन स्पॉट, दुसरी १२ वर्षांची रेडब्रेस्ट. दोन्हींची ताकद ४० टक्के. दोन्ही आज एकाच ठिकाणी गाळल्या जातात, कॉर्क परगण्यातल्या मिडलटन डिस्टिलरीत. ती साय आणि ती चुणचुण म्हणजे भट्टीची सही. आयर्लंडच्या 'सिंगल पॉट स्टिल' प्रकारात मोड आणून वाळवलेला सातू आणि मोड न आणलेला कच्चा सातू एकत्र वापरतात; आजच्या नियमानुसार दोन्ही किमान ३० टक्के हवेतच. मोड आणलेल्या सातूवर सरकारचा कर होता, तो वाचवायला ही युक्ती निघाली. कर चुकवण्याच्या खटाटोपातून एका देशाची चव घडली, हे मला इतिहासाचा मास्तर म्हणून फार आवडतं. बेदाणे मात्र भट्टीचे नाहीत, ते शेरीच्या पिंपाचे. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. व्यापाऱ्याचा हात जिभेला कळतो, न सांगता कळतो.

पण हा हात आज खरा व्यापाऱ्याचा राहिलेला नाही, तेही सांगायला हवं. अमेरिकेतली दारूबंदी, इंग्लंडशी झालेला व्यापारी झगडा, स्कॉच मिश्रणांची स्वस्ताई, यांनी आयरिश व्हिस्की खंगत गेली. १९६६ मध्ये जेम्सन, पॉवर्स आणि कॉर्कची कंपनी एकत्र येऊन आयरिश डिस्टिलर्स झाली. त्याच दशकात कंपन्यांनी ठरवलं, आता आपला माल आपणच बाटलीत भरायचा, बाँडरांना द्यायचा नाही. १९७१ मध्ये बो स्ट्रीटची भट्टी थंडावली, १९७५ मध्ये नवी मिडलटन सुरू झाली. गावोगावच्या दुकानदारांची तळघरं हळूहळू रिकामी झाली आणि त्यांच्या चवीही त्यांच्याबरोबर गेल्या. ग्रीन स्पॉट वाचली ती मिचेल घराण्याने कंपनीशी करार केला म्हणून. आता मुरवणं आणि बाटली भरणं कंपनीचं, नाव मिचेलचं. रेडब्रेस्टचं तर नावच गिल्बींनी कंपनीला विकलं आणि १९९१ मध्ये ती नव्याने बाजारात आली. पिवळा ठिपका २०१२ मध्ये परतला, लाल २०१८ मध्ये, निळा २०२० मध्ये.

कंपन्यांचं सगळंच चुकलं असं मात्र म्हणवत नाही. बाँडर म्हणजे सगळे संत नव्हते. १८७८ साली डब्लिनच्या चार मोठ्या डिस्टिलरींनी मिळून 'ट्रुथ्स अबाउट व्हिस्की' नावाचं पुस्तकच काढलं. तक्रार अशी की व्यापारी स्वस्तातला, चव नसलेला स्पिरिट मिसळून तो डब्लिनची व्हिस्की म्हणून विकतात. हा स्पिरिट ज्या उभ्या यंत्रातून निघे त्याचं १८३० चं पेटंट होतं ईनिअस कॉफी यांचं, आणि हे गृहस्थ आधी डब्लिनलाच अबकारी खात्यात अधिकारी होते! आपली भट्टी, आपलं नाव, पण बाटली दुसऱ्याच्या हातात. मग भेसळीची बदनामी कुणाच्या माथी? कंपन्यांची भीती साधार होती.

अशा गोदामांमुळे घडलेला एक भयंकर प्रसंगही डब्लिनच्या इतिहासात आहे. १८ जून १८७५ च्या रात्री लिबर्टीज भागातल्या एका बाँडेड गोदामाला आग लागली. पिंपं फुटली आणि पेटती व्हिस्की रस्त्यावरून ओढ्यासारखी वाहू लागली. लोकांनी टोप्यांत, बुटांत भरून ती प्यायली. त्यात १३ माणसं मेली. आगीने एकही नाही, सगळी पिऊन.

आता तिसरा ग्लास. ती खरीखुरी स्वतंत्र बाटली होती. बाहेरच्या व्यापाऱ्याने पिंप विकत घेऊन भरलेली, ४६ टक्क्यांची, आयरिश सिंगल माल्ट, म्हणजे फक्त मोड आणलेल्या सातूची. तिच्यावर वय होतं, पिंपाचा प्रकार होता, भरणाऱ्याचं नाव ठळक होतं. डिस्टिलरीचं नाव कुठेच नाही. पुष्कळदा पिंप विकतानाच अट असते, आमचं नाव लावायचं नाही. मग चाहते अंदाज बांधत बसतात. मऊ, तीनदा गाळल्यासारखी लागली तर उत्तरेकडची बुशमिल्स. अंगाने भरलेली, दोनदा गाळलेली वाटली तर कूली. चवीचं म्हणाल तर त्या संध्याकाळी मला तीच सर्वांत आवडली. सरांचं मत रेडब्रेस्टला. "चलो ऐति," एवढंच सर्टिफिकेट त्यांनी दिलं, आणि त्यांच्याकडून ते फार आहे. पण जी सर्वांत चांगली, तिचीच आई कोण ते सांगायला बंदी, हे मला खटकतं.

त्याहून खटकतात ते गेल्या काही वर्षांतले नवे ब्रँड. २०१० मध्ये साऱ्या आयर्लंड बेटावर चालू डिस्टिलरी अवघ्या चार होत्या. आता चाळिसाच्या वर गेल्या. स्वतःची व्हिस्की निदान ३ वर्षं मुरायला हवी, तोवर दुसऱ्याची विकत घेऊन जुनाट लेबलं लावणारे पुष्कळ निघाले. विकत घेण्यात पाप नाही. न सांगण्यात आहे. क्लेअर परगण्यात लुईज मॅग्वेन या बाईंनी 'जे. जे. कॉरी' हे जुन्या बाँडरचं नाव पुन्हा उभं केलं. आपण गाळत नाही, निवडतो आणि मुरवतो, हे त्या उघड सांगतात. असा व्यापारी मला भट्टीवाल्याइतकाच मोठा वाटतो.

कारण कधी कधी त्याच्याशिवाय काहीच उरत नाही. टलमोरची डेली डिस्टिलरी १९५४ मध्ये बंद पडली. तिथली १९५१ ची काही पिंपं नॅपोग किल्ल्याचे अमेरिकन मालक मार्क अँड्र्यूज यांनी विकत घेऊन ठेवली आणि ३६ वर्षं मुरल्यावर १९८७ मध्ये बाटल्या भरल्या. भट्टी जाऊन तेहतीस वर्षं झाल्यावर तिची चव लोकांच्या ओठाला लागली.

एवढी वर्षं थांबणं आपल्या हवेत परवडणारं नाही. आयर्लंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या बेंगळुरूला अमृत डिस्टिलरीत हा वाटा दहा-बारा टक्क्यांवर जातो. सरांनी तिथल्या तिथे कागदावर हिशेब मांडला, छत्तीस वर्षांनी पिंपात काय उरेल याचा. वर्षाला दहा टक्के धरले तरी शंभर लिटरचे जेमतेम सव्वादोन. मग शेंगदाणे आले.

लाल ठिपक्याची छोटी बाटली अजून फोडलेली नाही. मावसभाऊ डिसेंबरात पुन्हा येणार आहे, तेव्हा.