फ्लॅशचा हात कुठवर पोचतो?

कपाट आवरताना बाबांचा रोलचा कॅमेरा सापडला आणि सोबत त्याचा छोटा फ्लॅशही. घरात बारसं किंवा मुंज असली की तो बाहेर काढायचा मोह होतोच. काढा की! फक्त कार्याच्या दिवशी पहिल्यांदा नको. आठवडाभर आधी हातात घ्या.

आधी सेलचं झाकण उघडा. आत पांढरी-हिरवी पूड दिसली, तर जुना सेल गळला आहे. कापसाला किंचित व्हिनेगर लावून पत्र्या पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग नवे सेल घाला.

चालू केल्यावर शिट्टीसारखा बारीक आवाज येईल आणि काही वेळाने मागचा दिवा लागेल. वर्षानुवर्षं पडून असलेला फ्लॅश पहिल्यांदा फार वेळ घेतो. आठ-दहा वेळा उडवलात की बहुधा अंग मोकळं करतो. दिवा लागला तरी आणखी चार-पाच सेकंद थांबा, म्हणजे पूर्ण ताकदीने उडेल.

उडालाच नाही, तर पेचकस घेऊन बसू नका. आत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते. सेल काढले तरी ती राहते आणि जबर झटका देते. दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. मुलांच्याही हाती उघडा फ्लॅश देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. या फ्लॅशचा हात तोकडा असतो. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. भावाच्या लग्नात मी मांडवाच्या टोकाला उभा राहून अख्खा रोल संपवला होता. धुऊन आला तेव्हा पुढच्या खुर्च्यांच्या पाठी लख्ख आणि नवरा-नवरी अंधारात. वहिनी अजून ऐकवते.

म्हणून हिशेब शिका, सोपा आहे. फ्लॅशवर ‘जीएन’पुढे एक आकडा असतो. समजा, १०० च्या रोलसाठी तो मीटरमध्ये १६ आहे. भिंगाच्या कडीवर ८ लावलात, तर १६ भागिले ८, म्हणजे २ मीटर. साडेसहा फूट. ४ लावलात तर ४ मीटर. ४०० चा रोल असेल तर ही अंतरं दुप्पट होतात. फ्लॅशच्या मागे तक्ता छापलेला असेल तर भागाकारही नको. शंका आली तर एक घर लहान आकडा लावा. रंगीत रोलला थोडा जास्त उजेड चालतो, कमी उजेड अजिबात मानवत नाही.

कॅमेऱ्यावर ‘एम’ आणि ‘एक्स’ अशी खिट्टी असेल, तर ती ‘एक्स’वरच ठेवा. ‘एम’ जुन्या, एकदाच जळणाऱ्या बल्बसाठी होतं. ते चुकलं तर फ्लॅश उडताना दिसेल, पण फोटो काळा येईल. याशिका एमएफ-२ सारख्या कॅमेऱ्यात फ्लॅश आतच असतो. तिथे रोलचा आकडा नीट लावायचा आणि अंतर सांभाळायचं.

ग्रुप फोटोत आजी पुढे खुर्चीवर आणि पोरं तीन ओळी मागे, असं करू नका. आजी पांढरीफटक येते, पोरं काळवंडतात. एक-दोन ओळीच करा, जवळजवळ. काचेच्या तसबिरी, शोकेस, ऑइलपेंटची भिंत यांच्यासमोर सरळ उभं न राहता जरा तिरकं उभं राहा, नाहीतर मधोमध पांढरा डाग उमटतो.

बाळाचा फोटो काढताना फ्लॅश तोंडाशी नेऊ नका. दोन मीटरवर उभे राहा. खिडकीचा उजेड असेल तर फ्लॅश बंदच ठेवा. दिवाळीच्या पणत्यांवर तर तो कधीच उडवू नका. पणत्यांचा सगळा गोडवा पुसला जातो.

कार्य आटोपलं की रोल धुवायला द्या आणि फ्लॅश कपाटात ठेवण्याआधी सेल आठवणीने काढा.