पाटीवरची पदवी वाचा

पनवेलचा पावसाळा म्हणजे दमट कपडे, लोकलमधला घाम आणि जांघेत उठणारा नायटा. मग औषधाच्या दुकानातून एक ट्यूब येते. दोन दिवसांत खाज थांबते, कारण अशा मलमांत अनेकदा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते, कातडीही पातळ होते. २०१८ मध्ये केंद्राने स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध घातले. तरी ती मिळतातच.

त्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. पण ‘स्किन क्लिनिक’ अशी पाटी लावली म्हणून कोणी तज्ज्ञ होत नाही. एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा निदान पदविका हवी. कॉस्मेटॉलॉजीचे चार आठवड्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, एवढेच. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. विचारायला संकोच कसला? फणससुद्धा आपण ठोकून बघूनच घेतो.

आणि जाताना ती अर्धी संपलेली ट्यूब बरोबर न्या. स्टेरॉइडने नायट्याचे रूपच बदलते. आधी काय लावले हे कळल्याशिवाय तज्ज्ञही चकू शकतो.