कोरडेपणाची वाटणी

दिवाळी अंकात पाणीटंचाईवर लिहावयाचे म्हणजे लग्नघरात औषधाच्या बाटल्या मांडून बसण्यासारखे आहे, हे मला कळते. तरीही लिहितो. कारण ही गोष्ट घडली ती ऐन दिवाळीत, आणि तिच्यात फजिती झाली ती माझीच. दुसऱ्याच्या फजितीपेक्षा स्वतःची सांगितलेली वाचकांना अधिक गोड लागते, असा या सदराचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वीची हकीकत. आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. चार मजल्यांची इमारत, बारा बिऱ्हाडे, लहानथोर मिळून अठ्ठेचाळीस माणसे. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती आणि दसऱ्यापासूनच आमच्या बोअरने धाप टाकायला सुरुवात केली. गच्चीवरची सहा हजार लिटरची टाकी दिवसाकाठी निम्मीच भरू लागली. तळमजल्यावरचे म्हणत, वरचे लोक भसाभस सांडतात. वरचे म्हणत, खालचे पिंपेच्या पिंपे भरून ठेवतात. टँकर मागवावा तर त्याचे पाणी ज्यांनी पैसे दिले त्यांचे की सर्वांचे, यावर नवे भांडण. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे लेकीचा पहिला दिवाळसण. जावईबापू येणार आणि त्यांच्या आंघोळीला नळ नुसता सूं सूं करणार, या धास्तीने त्या माउलीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

अखेर मंडळींची सभा भरली आणि सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. साधने तुटपुंजी, गरजा अनेक; मग वाटणी कशी करावी, हाच अर्थशास्त्राचा विषय, असे लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली सांगून ठेवले आहे आणि मी ते पिढ्यान्‌पिढ्या मुलांना लिहून घ्यायला लावले आहे. गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा गाजलेला निबंधही मला जवळजवळ पाठ. सर्वांच्या मालकीच्या कुरणात जो तो आपली गुरे वाढवीत जातो आणि शेवटी कुरणही जाते आणि गुरेही, असा त्याचा आशय. म्हणजे आमच्या टाकीचेच वर्णन! मला स्फुरण चढले.

रात्रभर बसून मी तक्ता केला. तीन हजार लिटर भागिले अठ्ठेचाळीस माणसे, म्हणजे माणशी साडेबासष्ट लिटर. गच्चीवर टाकीपाशी बारा घरांच्या बारा नळ्या, प्रत्येकीला स्वतंत्र चावी. तेव्हा माणसांच्या हिशेबाने प्रत्येक घराला मिनिटे ठरवून दिली. आपल्या वेळी ज्याने त्याने वर जावे, चावी उघडावी, घड्याळ लावून बंद करावी. लाल-निळ्या शाईतला तो तक्ता जिन्यात लावला तेव्हा दोघांनी त्याचा फोटो काढून घेतला.

तो तक्ता तीन दिवस टिकला.

पहिल्या दिवशी कळले की टाकीच्या अगदी खाली असलेल्या तिसऱ्या मजल्याला पाण्याचा जोर नसतो. खालच्या मजल्यावर दहा मिनिटांत पिंप भरते, तेवढ्याच वेळात वरती दोन बादल्या. मिनिटे सारखी, पाणी निराळे! दुसऱ्या दिवशी कोणाचे घड्याळ पुढे, कोणाचे मागे. तिसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजता मला जाग आली. गच्चीच्या जिन्यावर चपलांचा आवाज. चोर पकडावा म्हणून मी दार उघडले, तर समोर आमची ही! खाली येता येता शांतपणे म्हणाली, “तुमच्या तक्त्यात कणीक मळायचं पाणी धरलेलं नाही.”

खरे तर मला राग यावयास हवा होता. पण आली ती शरम. तक्ता काढून टाकावा म्हणून सकाळी खाली गेलो तर आमच्या इमारतीचे राखणदार आप्पा तोच निरखीत उभे होते. आप्पा साक्री तालुक्यातले, पांझरेकाठच्या गावचे. बायकोसह जिन्याखालच्या खोलीत राहत. मला पाहून हसले नि म्हणाले, “कागद बरा शे सर, पन कागदले तहान लागत नही.”

मग पायरीवर बसून त्यांनी मला फडाची गोष्ट सांगितली. तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून मला ती ठाऊक नव्हती आणि माझ्या घरापासून पांझरा पायी दहा मिनिटांवर!

पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेली ही पाणी वाटण्याची रीत आहे. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे पाडायचे. हा एकेक तुकडा म्हणजे फड. बहुधा चार फड. एका फडात एका वेळी एकच पीक. एखाद्यात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिके, आणि दरसाल पाळी बदलायची. पीक एकच असले म्हणजे सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागते, पाणी या शेतातून त्या शेतात उगीच भटकत नाही आणि जमिनीचा कसही राहतो.

पण खरी मख्खी पुढेच आहे. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसे. प्रत्येक फडात त्याचा थोडा थोडा हिस्सा असे. नदीला पाणी कमी असले की गाव बसून ठरवी, यंदा अमुक फड पडीक ठेवायचा. तो पडीक ठेवला की सगळ्यांचाच तुकडा कोरडा राही. एकाचे हिरवे आणि शेजाऱ्याचे वाळलेले, असे होत नसे. दुसरा दंडक असा की, जमीनदार केवढाही असो, पाटाला त्याने हात लावायचा नाही. पाणी द्यायचे ते पाटकऱ्याने, राखण करायची ती जागल्याने, आणि पाटातला गाळ काढायला ज्याची जितकी जमीन तितके त्याचे श्रम.

मी थक्क होऊन ऐकत होतो. आम्ही शहाणे लोक पाणी वाटायला बसलो होतो. त्या माणसांनी वाटला होता तो कोरडेपणा! पाणी कसेही वाटले तरी ज्याला कमी पडते तो कुरकुरतोच. पण कोरडा तुकडा आपल्याही वाट्याला आहे आणि पाटलाच्याही, हे डोळ्यांनी दिसले की माणूस गप्प बसतो. हे कोणत्या पुस्तकात होते?

पुस्तकाची बाजूही सांगितली पाहिजे. नुकतीच इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले विश्वेश्वरय्या १८८४ साली सरकारी नोकरीत शिरले आणि लवकरच खानदेशात आले. याच पांझरेवर, दातर्तीला, पाटाचे पाणी नळातून नदीपार नेण्याचे काम त्यांना मिळाले. पुराने काम अडले, ते पावसाळ्यानंतर करावे असे त्यांनी वर कळविले, तर वरिष्ठांकडून कानउघाडणी झाली. मग नदीचा कल पाहून त्यांनी ते तडीस नेलेच. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत बसविली. त्यातही जमिनीचे गट आणि पिकांची ठरलेली पाळी. फड पाहिलेल्या माणसाला ती अनोळखी वाटणार नाही. हार्डिनला उत्तर दिले तेही एका विदुषीनेच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी निरनिराळ्या देशांतले पाट, कुरणे, मासेमारी यांचा अभ्यास करून १९९० साली दाखवून दिले की माणसे आपापसांत नियम करून सामायिक साधने शतकानुशतके राखू शकतात. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. फरक इतकाच की त्यांनी पाटकऱ्याला आधी विचारले, मग पुस्तक लिहिले. मी उलटे केले.

आमची ही माहेरची जळगावकडची. माझी ही कबुली ऐकून तिने बहिणाबाईंचे नाव काढले. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या आसोद्याच्या लेकीची गाणी १९५२ साली छापून आली आणि तेव्हापासून पंडित मंडळी ती वाचून शहाणी होत आहेत. “अक्षर उशिरा आलं म्हणून शहाणपण थांबत नाही,” असा शेराही तिने मारला. मी मुकाट्याने चहा प्यायलो.

त्या संध्याकाळी दुसरी सभा झाली. गच्चीच्या कुलपाची किल्ली आप्पांकडे. ते आमचे पाटकरी. मालक असो की भाडेकरू, कोणीही चावीला हात लावायचा नाही. मिनिटांचा हिशेब रद्द. प्रत्येक घराला दोनशे लिटरचे एक पिंप, ते भरले की चावी बंद. पाळी रोज फिरती; आज पहिला तो उद्या शेवटचा. आणि कोरडा फड सर्वांचा सारखा: गाड्या धुणे बंद, अंगणातला सडा बंद, कपडे एक दिवसाआड, ज्या दिवशी टाकी कमी भरेल त्या दिवशी तेही नाहीत. ज्यांच्या घरी दोनच माणसे होती, त्या दोन घरांनी आपले अर्धे पिंप सात माणसांच्या घराला आपण होऊन दिले. हे माझ्या तक्त्याने त्यांच्याकडून कधीच काढून घेतले नसते.

बारा पिंपे म्हणजे चोवीसशे लिटर. सहाशे उरले. ते पाहुण्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी राखून ठेवावेत असे ठरत आले होते, तेवढ्यात हिने विचारले, “आणि आप्पांचं?”

सभा एकदम गप्प झाली. माझ्या लाल-निळ्या तक्त्यात अठ्ठेचाळीस माणसे होती. जिन्याखालची दोन माणसे त्यात नव्हतीच. इतके दिवस ती कुठून पाणी आणत होती, कोणी विचारले नव्हते. आप्पा खाली मान घालून म्हणाले, “आमचा बाप जागल्या होता. रातभर कंदील घेऊन पाटावर फिरे. फडात आमचं शेत नव्हतं.”

तेव्हा मला फडाचीही मर्यादा कळली. पाणी जमिनीमागे जाई. जमीन नसेल त्याला राखणीची मजुरी मिळे, पाणी नव्हे. ही फट ओळखली ती पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या नव्हे, घरातल्या माणसांच्या हिशेबाने, भूमिहीनालाही हिस्सा, आणि ऊस वर्ज्य. जुनी रीत सगळीच सोन्याची नसते आणि नवीन पुस्तक सगळेच पोकळ नसते. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा लागतो: यादीत कोण नाही?

तेरावे पिंप आप्पांचे ठरले.

आज फडाची स्थिती चांगली नाही. वरच्या अंगाला धरणे झाली, काठाने विजेचे पंप बसले, जमिनी विकल्या जाऊन प्रत्येकाचा प्रत्येक फडातला हिस्सा राहिला नाही, आणि कित्येक बंधाऱ्यांखालचे पाट सुकले. जळगावकडे रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात भूजल खोल खोल गेले. ठिबकने थेंब वाचतो. पण ज्याची बोअर त्याचे पाणी, तिथे कोरडा फड कोणाचा, हे ठरवायला गाव एकत्र बसत नाही. २००५ च्या कायद्याने कालव्यावरच्या पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. कायदा चांगला आहे. पण तोही कागदच. त्याला तहान लागावयाची तर काठावरची माणसे बसली पाहिजेत.

त्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे चार वाजता गच्चीवर बॅटरीचा उजेड दिसला. आप्पा एकेक चावी उघडीत होते. त्या दिवशी पहिली पाळी तिसऱ्या मजल्याची होती. जावईबापूंना उटण्यासकट दोन बादल्या कढत पाणी मिळाले. वहिनींनी फराळाचे पहिले ताट जिन्याखालच्या खोलीत पाठवले.

तक्ता मी अजून जपून ठेवला आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिने यंदाच्या फराळाचा हिशेब मांडला आहे. कागद अगदीच वाया गेला, असे म्हणता येणार नाही.