४०० ओळींचा रिपोर्ट

आमच्या भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात कारागिराला काय कळत असेल, असं पाहुण्यांना वाटतं. पण एखादा माग थांबला की तो बरोब्बर वळून बघतो.

माझा भाचा एका ऑफिसचे सर्व्हर सांभाळतो. आदल्या दिवशी काय काय बदललं त्याचा सुरक्षा-रिपोर्ट रोज सकाळी आपोआप येतो, ४०० ओळींचा. "वाचतोस का रे?" तर हसला. "मामा, कोण वाचणार?"

पुण्याची कॉसमॉस बँक आठवते ना? ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांची खोटी यंत्रणाच 'हो' म्हणत राहिली आणि २८ देशांत एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी स्विफ्टवरूनही रक्कम गेली. एकूण ९४ कोटींहून जास्त!

शाळेत हजेरीपटाची ओळ न ओळ मुख्याध्यापक वाचत नाहीत. जनरल रजिस्टरातली जन्मतारीख बदलायची म्हटली की मात्र लाल शाई, सही, सगळं. तसंच इथे हवं. कुणाचे अधिकार वाढले, मंजुरीचा रस्ता बदलला, सुट्टीत नवा प्रोग्रॅम बसला आणि मुख्य म्हणजे नोंद ठेवणंच कुणी बंद केलं, एवढंच लाल अक्षरात वर यावं. नेहमीचे अपडेट तळाशी.

भाचा म्हणतो, चोर अपडेटच्या वेषातही येतो. खरंय. मग ठरलेल्या अपडेटांच्या यादीशी यंत्रानेच ताडून पाहावं. यादीत नाही ते लाल.

"यादी कुठंय, मामा? ती आम्ही ठेवतच नाही."