टिपेचा सूर आणि आपले कान

मराठी समीक्षेला 'टिपेचा सूर' हा शब्दप्रयोग अतिशय प्रिय आहे. अर्थात नापसंती कळवण्यासाठी. एखादे आत्मकथन अस्वस्थ करू लागले की ते 'टिपेच्या सुरात बोलते'. एखादी कविता रस्त्यावर उतरली की तिचा सूर 'टिपेला जाऊन चिरकतो'. ज्याला आपण संयत म्हणतो तो लेखक मात्र हटकून खर्जात बोलत असतो. आम्ही दोघेही यवतमाळ जिल्ह्यात गेली वीसएक वर्षे मराठी शिकवतो. ही वाक्ये आम्ही परीक्षणांत लिहिली आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत वाचून त्यांना गुणही दिले आहेत. तेव्हा प्रस्तुत लेखातील आरोपींमध्ये आम्हीही आहोत, हे आधीच नमूद करून टाकतो.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या बोलण्यात टीप म्हणजे वरचा षड्ज. तो लावण्यासाठी काय करावे लागते, याची आम्हाला सुतराम कल्पना नव्हती. उंच सूर म्हणजे जास्त जोर, अशी आमची ठाम समजूत होती. ती मोडली एका वाद्यामुळे, आणि गंमत म्हणजे ते वाद्य खर्जाचे आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवीत. 'वाजवीत' असा भूतकाळ वापरण्याचे कारण विदर्भात राहणाऱ्यास सांगायला नको. लगीनसराईत आता धुमाल असते नाही तर डीजे. गाडीवरच्या कीबोर्डवर एक माणूस दोन बोटांनी क्लॅरिनेटचे काम उरकतो. वडिलांचे वाद्य घरी पडून होते, ते मुलाने उचलले. पुढे कधीतरी त्याने मोबाइलवर एरिक डॉल्फी ऐकला. बास क्लॅरिनेट ही एरवी वाद्यवृंदात मागे बसून आधार देणारी. ती एकट्याने पुढे येऊन बोलू शकते हे जॅझमध्ये ज्यांनी ठसवले, त्यांत डॉल्फी अग्रभागी. 1964 साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो बर्लिनमध्ये वारला. मुलाने आम्हाला विचारले, "सर, हे आपल्याकडं कुठं शिकता येईल?" आम्ही अर्थातच निरुत्तर.

त्यानेच शोध काढला. दारव्ह्याच्या बाजूला फौजेच्या बँडातून निवृत्त झालेले एक वादक राहतात. त्यांचे शिक्षण पचमढीच्या सैनिकी संगीत विद्यालयात झाले. (आपल्याकडची माणसे पचमढीला महादेवाच्या यात्रेला जातात, तेथे लष्करी वादक घडवले जातात हे आम्हालाही तेव्हाच कळले.) नवी बास क्लॅरिनेट लाखांच्या घरात जाते. मास्तरांकडे एक जुनी, चाव्यांचे पॅड बदललेली आहे. त्यांच्या ओसरीवर आम्ही पाच-सहा रविवार नुसते बसून राहिलो.

पहिला दीड महिना मास्तरांनी वरचा एकही सूर काढू दिला नाही. खालचा सूर धरायचा, लांबवायचा, तो थरथरला की थांबायचे, पुन्हा धरायचे. मुलगा कंटाळला, खरे तर आम्हीच आधी कंटाळलो. मग एके दिवशी मास्तर म्हणाले, की बोटे खालच्या सुरावरच ठेव, मागची चावी दाबू नको, आणि आता वरचा सूर काढ. मुलाने जबडा आवळून फुंक मारली. घोगरे गुरगुरणे निघाले, मग किंकाळी, मग काहीच नाही. "काहून दाबून राह्यला बाप्पा? सोड ना थोडं," एवढेच ते म्हणाले.

यामागचे कारण त्यांनी उलगडून सांगितले, ते येथे द्यावेसे वाटते. बासरी किंवा सनईत तीच बोटे ठेवून वरचा सूर काढला, तर तो नेमका एक सप्तक वर जातो: मध्य षड्जाचा तार षड्ज. क्लॅरिनेट मात्र एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीसारखी वागते. ती सप्तक ओलांडून जाते. मंद्र षड्जाची बोटे असतील तर पहिल्या उडीत मध्य सप्तकातला पंचम लागतो आणि दुसऱ्या उडीत तार सप्तकातला गंधार. कंपनसंख्या आधी तिप्पट, मग पाचपट. तिच्यातली दुप्पट, चौपट जवळजवळ मुकीच. म्हणजे खालच्या एका सुराच्या पोटात वरचे सूर आधीच असतात, पण ओळीने नाही, अंतरे सोडून. वादकाने फक्त कोणता पुढे आणायचा ते ठरवायचे. हे ठरते जिभेच्या उंचीवर, घशाच्या आकारावर, ओठांच्या पकडीवर. जोर केला की रीड मिटते, आणि मिटलेल्या रीडमधून सूर येत नाही.

साध्या क्लॅरिनेटवर ही चूक थोडीफार खपून जाते. बास क्लॅरिनेटची नळी तिच्या सुमारे दुप्पट, सूर एक सप्तक खाली, रीड रुंद. इतक्या लांब नळीत वरचे सूर मोकळे करायला एकच छिद्र पुरत नाही, म्हणून चांगल्या वाद्यांना अशी दोन छिद्रे असतात. त्याहून वर जायचे तर डाव्या हाताची तर्जनी उचलायची नसते, किंचित सरकवायची असते. तिच्याखालच्या झाकणातले बारीक भोक तेवढे उघडे करायचे. केसभर चुकले की वरचा सूर आणि खालची गुरगुर एकदमच येतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: सूर निघण्याआधी तो मनात ऐकलेला असावा लागतो. मास्तर मुलाला तो आधी गाऊन दाखवायला लावत.

हे सर्व ओसरीवर बसून पाहिल्यावर 'टिपेचा सूर म्हणजे बेताल आरडाओरडा' हे वाक्य आम्हाला कोणत्या तोंडाने लिहिता येईल? ज्याने खालच्या सुराची मशागत केलेली नाही, त्याला टीप लागतच नाही. तो फक्त चिरकतो. चिरकणे आणि टिपेला जाणे यांतला फरक ज्या समीक्षेला ऐकू येत नाही, तिने संगीतातली रूपके वापरू नयेत.

पण हा अडाणीपणा निरागस नाही, असा आमचा आरोप आहे. मास्टर दीनानाथांची तार सप्तकातली झेप आपल्याला 'तेजस्वी' वाटते. तेथे चिरकण्याची भाषा कुणी करत नाही. उंची तीच, मग विशेषण कशाने बदलते? एखाद्याची फजिती झाली की त्याचा 'बँड वाजला' असे आपण म्हणतो. 'सतार वाजली' असे म्हटल्याचे कुणी ऐकले आहे काय? सनई, डफडे, हलगी पिढ्यान्‌पिढ्या वाजवणाऱ्या मातंग समाजाला आपण जो मान दिला तो मांडवाच्या बाहेर उभे करून. सूर मांडवात घेतला, वाजवणारा घेतला नाही. बँड आला तेव्हा त्यालाही त्याच जागी उभे केले.

'घरंदाज गायकी' हे वामनराव देशपांडे यांचे पुस्तक 1961 सालचे. आवाज, स्वर, लय यांचा इतका बारकाईने विचार करणारी परंपरा मराठीत आहे याचा आम्हाला अभिमानच आहे. मात्र भारतातील बँडवाल्यांवरचे विस्तृत पुस्तक, 'ब्रास बाजा', 2005 साली लिहिले ते न्यूझीलंडच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या ग्रेगरी बूथ यांनी, इंग्रजीत. राजेश पिंजानी यांच्या 'बाबू बँड बाजा'ने राष्ट्रीय पुरस्कार मिळवले, आणि तो चित्रपट आम्हालाही हलवून गेला. पण त्यातही दप्तर एका बाजूला आणि बाजा दुसऱ्या बाजूला. बाजा हेच एक शिक्षण असू शकते, ही शक्यता आपल्या सहानुभूतीलाही सुचत नाही.

आमच्या विद्यार्थ्याचा अनुभव याच जातीचा. एका युवक महोत्सवाच्या निवडीसाठी तो वडिलांची क्लॅरिनेट घेऊन गेला. शास्त्रीय स्वरवाद्याच्या गटात त्याला सांगण्यात आले, की वाद्य पाश्चात्त्य आहे. पाश्चात्त्य वाद्याच्या गटात सांगण्यात आले, की तू राग वाजवतोस. परीक्षकांपैकी एकाने हसून 'वरातीत बरं वाटेल' अशी पुस्तीही जोडली. तामिळनाडूत ए. के. सी. नटराजन यांनी याच वाद्यावर कर्नाटक संगीत वाजवले आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे त्या परीक्षकांच्या कानी गेले नसावे. सोबत गेलेले आम्ही दोघे प्राध्यापक तेथे गप्प बसलो, हेही लिहिले पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल: वरातीतला गोंगाट तुम्हाला हवा आहे काय? नको आहे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांनी घातली, तिची रोज पायमल्ली होते आणि आम्हीही खिडक्या लावून घेतो. परंतु तो आवाज विजेवर चालणाऱ्या भोंग्यांचा आहे. जनरेटरच्या शेजारी तीन-तीन तास उभे करून माणसाला फुंकायला लावायचे, मग त्याचा सूर फाटला म्हणून नाके मुरडायची, याला अभिरुची म्हणत नाहीत.

महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी अशा मास्तरांना महिन्यातून दोन दिवस बोलवावे, मानधन द्यावे आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला श्रेयांक द्यावेत, असा अर्ज आम्ही केला आहे. तोंडी उत्तर मिळाले ते असे, की मास्तरांकडे पदवी नाही. अर्ज आम्ही पुन्हा केला आहे.

मुलगा दर रविवारी दारव्ह्याला जातो. पंचम आता न चुकता लागतो. तार गंधार दहांतून सहा वेळा.